बाईला पळायचं असेल तर कारण का द्यावं लागतं? बारामतीच्या मॅरेथॉनपासून नांदूरघाटच्या पहाटेपर्यंत

बारामतीची मॅरेथॉन. सुरुवातीच्या रेषेवर ट्रॅकसूट आणि बूट घातलेली माणसं उभी होती. त्यांच्यात साठी ओलांडलेली एक बाई होती. अंगावर नऊवारी, पायात बूट नाहीत. शिट्टी वाजली, बाई अनवाणी पळत सुटली आणि ज्येष्ठांच्या गटात पहिली आली.

त्या बाईचं नाव लता भगवान करे.

मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या. पोट भरायला कुटुंब बारामती तालुक्यात आलं. शेतमजुरी करून मुलींची लग्नं लावली आणि होती नव्हती ती शिल्लक त्यात संपली. तेवढ्यात नवरा आजारी पडला. डॉक्टरांनी तपासण्या सांगितल्या, त्यासाठी पैसे नव्हते. कुणीतरी सांगितलं की मॅरेथॉन जिंकली की बक्षीस मिळतं. साधारण २०१३-१४ ची ही गोष्ट. लताबाई पळाल्या, जिंकल्या आणि पुढच्या दोन वर्षीही जिंकल्या. २०२० मध्ये त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःचीच भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांमध्ये त्यांच्या कामाची खास दखलही घेतली गेली.

ही स्टोरी आपण सगळ्यांनी शेअर केली. डोळ्यात पाणी आलं, खाली "माऊलीला सलाम" लिहिलं आणि पुढं स्क्रोल केलं.

पण एक गोष्ट सुटली. लताबाई पळाल्या त्या नवऱ्याच्या उपचारासाठी. त्याच बाईनं पाच वर्षं आधी एखाद्या सकाळी उठून घरात सांगितलं असतं की, "मला पळावंसं वाटतंय, मी तासाभरात येते," तर तिला कुणी सलाम केला असता का?

आजचा विषय हाच आहे.

समजा, बाई नांदूरघाटची आहे

नांदूरघाट हे बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातलं गाव. पुण्या-मुंबईतल्या नोकरदार आईच्या फिटनेसवर भरपूर बोललं जातं. सोसायटीतला ट्रॅक, जिमची मेंबरशिप, घड्याळात मोजलेली पावलं, रविवारची १० किलोमीटरची रन असं बरंच काही. नांदूरघाटसारख्या गावातल्या नोकरदार आईबद्दल कुणी बोलत नाही. जणू तिथं नोकरदार आया नाहीतच.

पण आहेत. गावोगावी अंगणवाडी सेविका आहेत, आशाताई आहेत, झेडपीच्या शिक्षिका आहेत, नर्स आहेत, दुकान सांभाळणाऱ्या आहेत, तालुक्याला अप-डाऊन करणाऱ्या आहेत. आणि रोजानं शेतात जाणाऱ्या तर सगळ्यात जास्त आहेत.

समजा, यातली एक बाई केजला नोकरीला जाते. दोन पोरं आहेत, घरात सासू-सासरे आहेत. तिचा दिवस साधारण असा असतो. पाचला उठायचं. नळाला पाणी यायचा दिवस असला तर त्याच्याही आधी. झाडलोट, चहा, पोरांच्या आंघोळी, चार जणांचे डबे, सासऱ्यांच्या गोळ्या. मग एसटी किंवा काळी-पिवळी गाठायची. संध्याकाळी परत आलं की भाजी, भाकरी, भांडी, पोरांचा अभ्यास. पाठ टेकेपर्यंत दहा.

आता या दिवसात पळायचं कधी?

रीलवाले सांगतात, "पाचला उठा." ताई पाचलाच उठते. रीलवाले सांगतात, "स्वतःसाठी वेळ काढा." पण वेळ काढायचा म्हणजे कुणाच्या तरी वाट्यातून काढावा लागतो. तो कुणाच्या वाट्यातून काढायचा, हे रीलमध्ये कधीच नसतं.

आकडे काय सांगतात?

देशातली माणसं दिवसाचे २४ तास कशात घालवतात, याची केंद्र सरकार पाहणी करतं. २०२४ ची पाहणी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाली. देशभरातल्या सुमारे १ लाख ३९ हजार घरांमधून ही माहिती गोळा केली होती.

त्यात दिसलं असं. स्वयंपाक, धुणीभांडी, झाडलोट अशी बिनपगारी घरकामं करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात. ही कामं करणारे पुरुष घालवतात ८८ मिनिटं. त्यातही अशी कामं करणाऱ्या बायका दर पाचमधल्या चार आहेत आणि पुरुष दर चारमधला जेमतेम एक. म्हणजे ८८ मिनिटं हा आकडासुद्धा घरात हात लावणाऱ्या पुरुषांचा आहे. बाकीचे त्या हिशोबात धरलेलेच नाहीत. मुलांची आणि म्हाताऱ्यांची काळजी घेण्याचा वेळ वेगळा, तो या २८९ मिनिटांमध्ये नाही.

आता दुसरा आकडा बघा. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की, निरोगी राहायला मोठ्या माणसानं आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करावा, म्हणजे जरा दम लागेल असं भरभर चालणं. पळण्यासारखा जोराचा व्यायाम असेल तर ७५ मिनिटंही पुरतात.

२८९ मधून ८८ गेले की उरले २०१.

थोडक्यात, बाई आणि पुरुष यांच्या घरकामात एका दिवसात जो फरक पडतो, तो बाईच्या अख्ख्या आठवड्याच्या व्यायामापेक्षा मोठा आहे. रविवारी एक दिवस कामाची वाटणी सारखी झाली, तरी तिच्या आठवड्याच्या पळण्याचा वेळ निघून वर थोडा उरतो.

याचा परिणाम तब्येतीवर दिसायला लागलाय. २०२४ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थ या नियतकालिकात जगभरातल्या देशांचा अभ्यास आला. त्यानुसार २०२२ मध्ये भारतातली जवळपास निम्मी मोठी माणसं पुरेशी हालचाल करत नव्हती. पुरुषांमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होतं आणि बायकांमध्ये ५७ टक्के. दिवसभर पायाला भिंगरी लावून फिरणाऱ्या बायकांमध्ये जास्त! कारण सरळ आहे. ओट्यापाशी दोन तास उभं राहिल्यानं पाय दुखतात, पण हृदयाचे ठोके वाढत नाहीत. थकवा येतो, ताकद येत नाही.

"शेतात राबते की, हिला कशाला पळायचं?"

आता गावाकडचे लोक एक मुद्दा हमखास मांडतात. शहरातल्या बायका बसून असतात, त्यांना व्यायाम लागतो. आमच्या बायका खुरपतात, वेचणी करतात, मोळ्या उचलतात. त्यांना कसला आलाय व्यायाम?

ऐकायला पटतं. पण शास्त्र इतकं सोपं नाही.

कामातले कष्ट आणि आवडीनं केलेला व्यायाम यांचा शरीरावर सारखाच परिणाम होतो का, यावर युरोपात बरंच संशोधन झालंय. २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसलं की, जड कष्टाची कामं करणाऱ्या पुरुषांमध्ये अकाली मृत्यूचा धोका कमी नव्हता, उलट सुमारे १८ टक्क्यांनी जास्त होता. बायकांमध्ये मात्र तसा वाढीव धोका दिसला नाही. त्यामुळं "शेतकाम घातक आहे" असा अर्थ यातून काढता येत नाही. पण कष्ट म्हणजे व्यायाम, हे समीकरण आपण डोळे झाकून मांडतो ते चुकतं, एवढं नक्की.

फरक कुठं पडतो? पळताना वेग तुम्ही ठरवता. दम लागला की थांबता. अर्ध्या तासानं संपवता आणि नंतर शरीराला भरून यायला वेळ मिळतो. मजुरीत वेग दुसराच ठरवतो. कंबर वाकलेली राहते, तास न् तास तेच काम, दुखलं तरी थांबता येत नाही आणि घरी आल्यावर विश्रांतीच्या जागी चूल असते.

बीड जिल्ह्याला हे वेगळं सांगायला नको. दरवर्षी दिवाळीच्या आसपास इथून लाखो माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता धरतात. बाई पहाटे तीन-चारला उठून भाकरी करते, मग फडात जाते, मोळी डोक्यावर घेऊन गाडीवर चढते. २०१९ मध्ये याच जिल्ह्यात आरोग्य विभागानं ऊसतोड बायकांची पाहणी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. काम बुडायला नको, खाडा पडायला नको, हे त्यामागचं एक कारण म्हणून पुढं आलं.

बाईच्या शरीराकडं फक्त कामाचं यंत्र म्हणून बघितलं की काय होतं, ते या आकड्यात आहे. व्यायामाचा मुद्दा इथं चोचल्यांचा राहत नाही. हे शरीर माझं आहे आणि दिवसातला अर्धा तास मी ते माझ्यासाठी वापरणार, एवढं म्हणण्याचा हक्क बाईला आहे की नाही, असा तो प्रश्न आहे.

मुलगी पळते, सून थांबते

बीडला पळणं नवीन नाही. अविनाश साबळे याच जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये सुवर्ण. गावाकडची पोरं त्याचं नाव घेऊन पळतात.

पोरीही पळतात. मराठवाड्यातल्या कुठल्याही मोठ्या गावाच्या रस्त्यावर पहाटे जाऊन बघा, भरतीच्या तयारीच्या पोरी दिसतील. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलींना ८०० मीटर आणि १०० मीटर धावणं आणि गोळाफेक असते, मिळून ५० गुण. त्यातले २० एकट्या ८०० मीटरला. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं १५ हजारांवर पोलीस पदांच्या भरतीला मंजुरी दिली, त्यामुळं रस्ते पुन्हा भरले.

या पोरींना गाव नावं ठेवत नाही. ट्रॅकपँट घातली तरी चालते. बाप स्वतः मोटारसायकलवर मागं येतो, भाऊ स्टॉपवॉच धरतो. का? कारण पळण्याला कारण आहे. नोकरी लागणार आहे.

मग लग्न होतं. भरती झाली तर ठीक, नाही झाली तर बूट माळ्यावर जातात. काही जणी लग्नानंतर, अगदी मूल झाल्यावरही तयारी करतात आणि घरचे साथ देतात. पण तिथंही साथ भरतीला असते, पळण्याला नसते. वयाची अट संपली की पळण्याची परवानगीही संपते.

म्हणजे बघा. पोरगी पळते नोकरीसाठी. लताबाई पळाल्या नवऱ्यासाठी. बाईनं कुणासाठी तरी पळावं, हे आपल्याला चालतं. ती नुसतीच पळाली की विचारतात, "काय गं, काय झालं? कुठं निघालीस?"

पुरुषाला कुणी विचारत नाही. तो मॉर्निंग वॉकला गेला की तब्येतीला जपतो म्हणतात. बाई गेली की घरचं टाकून गेली म्हणतात.

मोठ्या खेळाडूंचं काय झालं?

हे फक्त आपल्याकडं आहे असंही नाही. अमेरिकेची धावपटू ॲलिसन फेलिक्स हिला २०१८ मध्ये मुलगी झाली. बाळंतपण अवघड होतं, आठव्या महिन्यातच सिझेरियन करावं लागलं. ऑलिम्पिकची सुवर्णपदकं गाठीशी असूनही, बाळंतपणानंतरच्या काळात कामगिरी घसरली तर पैसे कापले जाणार नाहीत, अशी हमी तिला प्रायोजकाशी भांडून मागावी लागली. तिनं २०१९ मध्ये ते जाहीरपणे लिहिलं आणि नंतर कंपनीला नियम बदलावे लागले. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये क्रीडाग्रामात पहिल्यांदा खेळाडूंच्या बाळांसाठी पाळणाघर झालं, त्यामागं ॲलिसनचा पाठपुरावा होता.

त्याच पॅरिसमध्ये केनियाच्या फेथ किप्येगॉननं १५०० मीटरचं सलग तिसरं ऑलिम्पिक सुवर्ण जिंकलं. त्यातली दोन सुवर्णपदकं तिनं आई झाल्यावर जिंकली.

यातून "बघा, तिला जमलं, तुम्हालाही जमेल" असं सांगायचं नाही. तिच्यामागं कोच आहे, फिजिओ आहे. सांगायचं ते इतकंच की, जगातल्या सगळ्यात वेगवान आयांनाही नुसत्या जिद्दीवर भागलं नाही. बाळाला धरणारं कुणीतरी लागलंच. मग नांदूरघाटच्या ताईकडून आपण फक्त जिद्दीची अपेक्षा कशी करतो?

सुरुवात करायची तर आधी शरीराचं बघा

समजा घरचं जमलं, वेळ निघाला. तरी लगेच पळत सुटायचं नाही.

पहिली गोष्ट म्हणजे रक्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना ॲनिमिया आहे. निम्म्याहून जास्त! हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर थोडं पळालं तरी धाप लागते, चक्कर येते आणि बाई म्हणते, "मला जमतच नाही." जमत नाही ते रक्त कमी म्हणून. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते आणि लोहाच्या गोळ्याही मिळतात. महिनाभर आधी हे केलं तर पुढचं सोपं जातं.

दुसरी गोष्ट बाळंतपणाची. ब्रिटनमधल्या फिजिओथेरपिस्टांनी २०१९ मध्ये याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात बाळंतपणानंतर किमान १२ आठवडे पळू नये, तोवर चालणं आणि ओटीपोटाचे व्यायाम करावेत, असं सांगितलंय. सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको.

तिसरी गोष्ट कुणी बोलत नाही ती. पळताना, खोकताना, उडी मारताना लघवीचे थेंब जाणं. मूल झालेल्या कित्येक बायकांना हा त्रास असतो आणि लाजेपायी त्या पळणंच सोडून देतात. यावर व्यायाम आहेत, उपचार आहेत. गर्भाशय काढलेल्या बायकांनीही आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

आणि सुरुवात चालण्यानं करायची. १५० मिनिटं म्हणजे रोजची साधारण २२ मिनिटं. एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा केलं की २४ मिनिटं होतात. पंजाबी ड्रेसवर चालतं. बूट मात्र पायाला नीट बसणारे हवेत. लताबाई अनवाणी पळाल्या म्हणून आपणही पळावं असं काही नाही. त्यांच्याकडं पर्याय नव्हता.

गावात काय करता येईल?

रस्त्यावर पळायचं म्हटलं तर अंधार असतो, कुत्री असतात, टवाळखोर असतात. गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर असतात, डबल ट्रॉली आणि मागं दिवा नाही. त्यामुळं एकटीनं रस्त्यावर जा, असा सल्ला देणं सोपं आहे, पण बरोबर नाही.

पण गावाकडं एक जागा असते, शाळेचं मैदान. पहाटे आणि संध्याकाळी ते रिकामं असतं. त्याचं गेट तासभर उघडं ठेवणं आणि एक दिवा लावणं, एवढंच काम आहे.

हे मागायचं कुठं? महाराष्ट्रात ग्रामसभेच्या आधी महिलांची वेगळी ग्रामसभा घ्यायची तरतूद आहे. बऱ्याच ठिकाणी ती कागदावरच होते, पण तरतूद आहे. पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तिथं बचत गटाच्या दहा जणींनी मिळून मैदानाची वेळ आणि दिवा मागितला तर तो विषय नोंदवून घ्यावा लागतो. शिवाय दहा जणी एकत्र निघाल्या की "कुठं निघालीस?" विचारणारा गप्प बसतो. एकटी दिसली की ती चर्चा होते, दहा जणी रोज दिसल्या की ती सवय होते.

राहिला घरचा प्रश्न

दिवा पंचायत लावेल. गोळ्या दवाखाना देईल. पण सकाळचा चहा आणि डबा कोण करणार, हे पंचायत ठरवू शकत नाही.

इथं घरातल्या माणसांचं काम आहे. आठवड्यातले तीन दिवस, सकाळचा अर्धा तास. नवऱ्यानं पोरांना उठवायचं, चहा टाकायचा, डब्यातली एखादी भाजी करायची. सासूबाईंनी शेजारणीला एवढंच सांगायचं, "सून पळायला गेलीय, येईल आता." हे एक वाक्य बाहेर गेलं की गावाची निम्मी तोंडं बंद होतात. आणि पोरांनी सकाळी डोळे उघडल्यावर आई घरात नाही, बाबा चहा गाळतायत, हे बघायचं. ती पोरं मोठी झाल्यावर त्यांच्या घरात हा प्रश्न जरा कमी पडेल.

लताबाईंचं कौतुक करायचंच. पण त्यांच्या गोष्टीतून आपण धडा घेतला तो "आई काहीही करू शकते" असा. त्या धड्याचा घरच्यांना फार फायदा होतो, कारण मग आईसाठी कुणालाच काही करावं लागत नाही.

म्हणून पुढच्या वेळी पळणाऱ्या आईचा व्हिडीओ समोर आला की लाईक जरूर करा. पण फोन खाली ठेवून घरात एकदा विचारा, "उद्या सकाळी अर्धा तास तुला बाहेर जायचंय का? चहाचं मी बघतो."

कशासाठी जायचंय, ते मात्र विचारू नका.